ब्राऊन पेपरमधला भूगोल

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा शाळेतून फोन आला तेव्हा मी ब्रँचमध्ये सोनेतारणाचं एक प्रकरण बघत होतो. समोर सराफ पाटल्या कसाला लावत होता आणि मी फोनवर "हो हो, नक्की" म्हणत होतो. रात्री लिहायला बसलो, तर संमेलन, झेंडावंदन, कबड्डीची ढाल, यातलं काहीच कागदावर उतरेना. बाईच आठवत राहिल्या. नाव लिहायची गरज नाही. आपल्या शाळेत नुसतं "बाई" म्हटलं की इंग्रजीच्या बाई.

१९८६ साली आम्ही सातवी 'ब'मध्ये होतो. इंग्रजी पाचवीपासून सुरू झालेलं, त्यामुळे तीन ओळींचं वाक्य आलं की आम्ही गारद. अशा पोरांपुढे बाई ऑफ तासाला 'द हॉबिट' घेऊन यायच्या. टोल्किन नावाच्या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाची ही कादंबरी, १९३७ सालची. बाई एक वाक्य इंग्रजीत वाचायच्या आणि मग पुस्तक टेबलावर उपडं ठेवून दहा मिनिटं मराठीत सांगायच्या. आपलं सोनं परत मिळवायला निघालेले तेरा बुटके, त्यांच्याबरोबर चौदावा बिल्बो, म्हणजे पुस्तकाच्या नावातला हॉबिट, आणि डोंगराच्या पोटात सोन्याच्या राशीवर निजलेला स्मॉग नावाचा ड्रॅगन. ड्रॅगन म्हणजे काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. "हंड्यावरचा नाग रे," बाई म्हणाल्या आणि प्रश्न मिटला. असा एक नाग प्रत्येकाच्या आजोळी होताच.

त्या राशीतून बिल्बो दोन कानांचा एक पेला उचलून नेतो. स्मॉग जागा होतो आणि तेवढा एक पेला गेल्याचं त्याला लगेच कळतं. रागाने तो डोंगर हादरवून सोडतो. "त्यातून त्याला काय चहा प्यायचा होता?" बाईंनी विचारलं. वर्ग खो खो हसला. मीही हसलो, पण जरा उशिरा.

कारण माझ्या दप्तरात तेव्हा स्कॉलरशिपचं गाईड होतं. मामाने मुंबईहून आणलेलं, अख्ख्या वर्गात एकच. मी त्याला ब्राऊन पेपरचं कव्हर घातलं होतं आणि वर सुवाच्य अक्षरात 'भूगोल' लिहिलं होतं. शेजारी बसणारा मित्रही परीक्षेला बसणार होता. "तुझ्याकडे काही पुस्तक आहे का रे?" असं त्याने दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी नाही म्हणालो. एकदा वह्या तपासताना बाईंनी नेमका तोच भूगोल उचलला. उघडला, पाहिला, मिटला आणि होता तिथे ठेवला. एक शब्द बोलल्या नाहीत.

पुढच्या ऑफ तासाला बुटक्यांच्या म्होरक्याचा, थोरिनचा भाग आला. स्मॉग मेला आहे, पण मरण्याआधी त्याने तळ्यावरचं गाव जाळलं आहे. उघड्यावर पडलेले लोक दारात येऊन वाटा मागताहेत आणि थोरिन आतून दगडांची भिंत रचून बसला आहे. नाग गेला आणि बुटका त्या जागी बसला. थोरिनचा जीव अडकलाय आर्केनस्टोन नावाच्या मण्यात, आणि तो मणी बिल्बोने लपवलेला. एका रात्री बिल्बो भिंत उतरून जातो आणि तो मणी, आपला चौदावा हिस्सा म्हणून, बाहेर वेढा घालून बसलेल्यांच्या हातात ठेवतो. भांडण मिटावं म्हणून. आणि परत थोरिनकडेच येतो. "आता परत कशाला गेला? पळायचं ना!" मागून कुणीतरी ओरडलं. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. "मलाही ते अजून नीट समजलेलं नाही," म्हणाल्या. शिक्षक असं म्हणू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं.

मला वाटत होतं, बाई माझ्याकडेच बघून सांगताहेत. तसं काही नव्हतं.

गाईड मी दिलं, पण परीक्षा झाल्यावर. स्कॉलरशिप मला मिळाली, मित्राला नाही. शाळेच्या ऑफिसातल्या फळ्यावर माझं नाव आहे. येत्या कार्यक्रमात बघालच.

पुढे ते पुस्तक मी पूर्ण वाचलं, तीनदा. शेवटी बिल्बो त्या सगळ्या सोन्यातून दोन लहान पेट्या घेतो. एल्फ नावाच्या रानातल्या लोकांच्या राजवाड्यात लपून राहिला असताना चोरून खाल्लेल्या पावाची आणि वाइनची भरपाई म्हणून त्यांच्या राजाला मोत्यांचा हार देतो. आणि तळ्यावरच्या गावासाठी मिळालेलं सोनं घेऊन पळालेला तिथला मुख्य माणूस माळरानात उपाशी मरतो. बँकेत पंचवीस वर्षं झाली, लॉकरच्या खोलीत माणसं येतात, डबा उघडतात, मोजतात, बंद करून जातात. किल्ली लावून देताना मला हमखास तो पेला आठवतो. 'द हॉबिट'चं हस्तलिखित छापावं का, हे प्रकाशकाने आपल्या दहा वर्षांच्या मुलाला विचारलं होतं आणि त्या अभिप्रायाबद्दल त्याला एक शिलिंग दिला होता. हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा बाईंना सांगावंसं वाटलं.

आता कौलारू वर्ग गेले, स्लॅब पडला. ऑफ तासाला पोरांना संगणकासमोर बसवतात म्हणे. असो.

गेल्या दिवाळीत बाईंकडे गेलो होतो. शिलिंगची गोष्ट ऐकून खूप हसल्या. मी म्हटलं, "बाई, ते पुस्तक एकदा बघायला मिळेल?" त्या कपाटाकडे बघत राहिल्या.

"कुणीतरी मागितलं, दिलं रे. कुणाला, ते नाही आठवत."