माझा अनुभव: शॉवरच्या काचेवरचा क्षार आणि त्यावरचा साबण

जड पाण्याने शॉवरची काच पांढरी पडली की सगळीकडे एकच सूचना मिळते: व्हिनेगर फवारा, पाच मिनिटं थांबा, पुसून टाका. मी ती अनेकदा पाळली आणि काच दर वेळी वाळल्यावर पुन्हा तशीच दिसली. त्या सूचनेतलं रसायन बरोबर आहे, पण तिच्यात साबणाचा उल्लेख नाही आणि वेळही पुरत नाही. याचा राग मला अजून आहे, कारण काच साफ झाली नाही की माणसाला वाटतं ॲसिडच कमी पडलं, आणि तो संडास साफ करायचं ॲसिड काचेवर ओततो. त्यातल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडने नळांचं क्रोम, स्टीलच्या बिजागऱ्या आणि टाइल्समधलं ग्राउट खराब होतं. काचेवर साबणाचा थर असेल तर तो तरीही तसाच राहतो.

पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट थेंब वाळताना कॅल्शियम कार्बोनेट होऊन काचेला चिकटतं. पाण्याचा हार्डनेस, म्हणजे जडपणा, लिटरला 300 मिलिग्रॅम आहे आणि प्रत्येक अंघोळीनंतर काचेवर 50 मिलिलिटर पाणी उरतं असं धरा. म्हणजे एका अंघोळीमागे 15 मिलिग्रॅम क्षार. रोज दोन अंघोळी धरल्या तर वर्षाला जवळपास 11 ग्रॅम. हार्डनेस लिटरला 180 मिलिग्रॅमच्या वर गेला की पाणी फार जड समजतात. हार्डनेस टीडीएस मीटरवर कळत नाही. तो मीटर सगळे क्षार एकत्र मोजतो, त्यात मिठासारखे हार्डनेस न वाढवणारेही आले. थेंब टाकून रंग बदलेपर्यंत मोजायचं किट मिळतं, ते वापरा.

आता जिथे सगळं अडतं तो भाग. काचेवरचा पांढरा थर नुसता क्षाराचा नसतो. वडीचा साबण जड पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळाला की पाण्यात न विरघळणारा, मेणासारखा चिकट साका तयार होतो. तो क्षारावर बसतो, त्यावर पुन्हा क्षार, त्यावर पुन्हा साबण. वरचा थर मेणचट असला की ॲसिडचं पाणी त्यावरून घरंगळून जातं आणि खालच्या क्षारापर्यंत पोचतच नाही. कोरड्या काचेवर नख ओढून पाहा. नखाखाली करडं, मऊ काही आलं तर वर साबण आहे. बारीक वाळूच्या कागदासारखं खरखरीत लागलं तर उघडा क्षार आहे. माझ्या अनुभवात छातीच्या उंचीला साबण जास्त असतो आणि खालच्या वीतभर पट्ट्यात क्षार जाड असतो.

म्हणून आधी साबण काढायचा. अर्धा लिटर कोमट पाण्यात एक चमचा डिशवॉश लिक्विड घ्या, मऊ स्पंजने लावा, दहा मिनिटं ओलं ठेवा, गोल गोल घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. मग साधं पाणी उडवून बघा. ते थेंब न होता पातळ पडद्यासारखं पसरलं तर साबण गेला. जागोजागी थेंब उभे राहिले तर पुन्हा एक फेरी करा. (काचेला पाणी न धरणारं कोटिंग असेल तर ही खूण चालत नाही.) ही पायरी गाळून पुढे जाऊ नका. माझी काच इतके दिवस साफ न व्हायचं कारण हेच होतं.

दुसरी अडचण ॲसिडच्या मात्रेची आहे. एक ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट विरघळवायला 5 टक्क्यांचं व्हिनेगर किमान 24 मिलिलिटर लागतं. वर सांगितलेल्या 11 ग्रॅमसाठी हा हिशेब पाव लिटरच्या वर जातो. उभ्या काचेवर फवारलेलं व्हिनेगर बहुतेक खाली ओघळतं, जे थोडं टिकतं ते लगेच संपतं किंवा वाळतं. पाच मिनिटांत थर निघणार कुठून?

उपाय सोपा आहे. पेपर नॅपकिन ॲसिडमध्ये भिजवून काचेला चिकटवा, वरून पातळ प्लास्टिकचा कागद लावा आणि अर्धा तास ठेवा. कडा वाळायला लागल्या तर पुन्हा फवारा. मी व्हिनेगरऐवजी सायट्रिक ॲसिड वापरतो, अर्धा लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम. वास येत नाही आणि दम जास्त असतो. नॅपकिन काढून स्पंज फिरवा, धुवा, कोरडं करा आणि मगच निकाल बघा. ओली काच नेहमी स्वच्छ दिसते, तिच्यावर विश्वास ठेवू नका. एक लांबलचक फेरी करण्यापेक्षा ताज्या ॲसिडच्या दोन-तीन फेऱ्या बऱ्या. नळ आणि बिजागऱ्यांवर ॲसिड साचू देऊ नका. संगमरवर किंवा चुनखडीचा दगड जवळ असेल तर तो झाका, कारण तोही कॅल्शियम कार्बोनेटच आहे.

हे आधी सांगायला हवं होतं: ॲसिड लावलेल्या दिवशी बाथरूममध्ये ब्लीच वापरायचं नाही. व्हिनेगर असो की सायट्रिक, ब्लीचमध्ये मिसळलं की क्लोरीन वायू निघतो. खिडकी उघडी आणि हातमोजे घातलेले असावेत.

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करायचा सल्लाही सोडून द्या. फेस दिसतो, पण तो दोघांनी एकमेकांना मारल्याचा फेस आहे. मागे उरतं ते बहुतांशी सोडियम ॲसिटेटचं पाणी, आणि त्याने क्षार विरघळत नाही. सोडा हवाच असेल तर साबण काढताना एकटा वापरा.

तीन फेऱ्यांनंतरही धुकं राहिलं आणि हात फिरवला तर काच गुळगुळीत लागली, तर ते सिलिकाचे डाग असतील किंवा काचच झिजली असेल. थेंब फार काळ काचेवर राहिले की काचेतलं सोडियम पाण्यात उतरतं, पाणी अल्कधर्मी होतं आणि काचेचा पृष्ठभाग खातं. यावर कोणतंही घरगुती ॲसिड चालत नाही. सेरियम ऑक्साइडची (काच पॉलिश करायच्या पावडरची) पातळ पेस्ट आणि नमद्याचा पॅड वापरून पॉलिश करता येतं. जागा सतत ओली ठेवायची आणि एकाच ठिकाणी दाबायचं नाही, नाहीतर उष्णतेने काच तडकू शकते. खोल झीज यानेही जात नाही.

ब्लेडच्या स्क्रेपरबद्दल मी फार सावध आहे. टफन्ड (भट्टीत तापवून मजबूत केलेल्या) काचेच्या एका बाजूला भट्टीतले सूक्ष्म कण चिकटलेले असू शकतात. ब्लेडखाली ते सुटले की लांब ओरखडे उठतात, आणि ते निघत नाहीत. प्लास्टिकचा स्क्रेपर घ्या. काच आणि स्क्रेपर दोन्ही साबणाच्या पाण्याने ओले ठेवा.

काच साफ झाली की पुढचं काम रोजचं आहे. अंघोळ झाली की लगेच रबरी वायपर वरून खाली ओढायचा, प्रत्येक पट्टा आधीच्यावर दोन-तीन सेंटिमीटर चढवून. वायपरच्या रबराला खाच पडली की तिथे पाण्याची रेघ राहते, आणि वाळली की तिथेच नवा डाग. खाच दिसताच रबर बदला. खालची कड आणि दाराची रबरी पट्टी मायक्रोफायबरने टिपा, तिथे वायपर पोचत नाही. ते कापड धुताना फॅब्रिक कंडिशनर घालू नका, पाणी शोषायचं बंद होतं. साबणाच्या वडीऐवजी बॉडीवॉश वापरलं तर साका खूप कमी बसतो. शॉवरला लावायच्या कार्बनच्या फिल्टरने हार्डनेस कमी होत नाही, त्याला आयन एक्स्चेंजचा सॉफ्टनर (पाण्यातलं कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम सोडणारं यंत्र) लागतो. कोटिंग लावायचं असेल तर सगळा क्षार आणि साबण निघाल्यावरच, कोरड्या काचेवर, आणि बाटलीवर सांगितलेला वेळ पाणी न लागू देता.