कंदिलाचं पान

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ताम्हिणीतून परतताना चहाला थांबलो. टपरीमागच्या झुडपात एक फूल दिसलं आणि चहा तसाच राहिला. बोटाच्या दोन पेरांएवढं. खाली फुगीर कुपी, तिच्यावर नळी आणि वर पाच पाकळ्या टोकांशी जुळून झालेला पिंजरा. वाकून वाकून तेवीस फोटो काढले, सगळे फुलाचेच.

गाडीतच एका अ‍ॅपवर फोटो टाकला. उत्तर आलं, सेरोपेजिया वूडी. ती तर दक्षिण आफ्रिकेकडची, आपल्याकडे नर्सरीत टांगत्या कुंडीत मिळते. ताम्हिणीच्या रानात ती कुठून येणार? अ‍ॅप लोकांनी काढलेल्या फोटोंवरून शिकतं. कुंडीतल्या वेलीचे फोटो ढिगाने असणार, आपल्या रानातल्या वेलीचे मोजके. सेरोपेजिया या वंशापर्यंत मात्र ते बरोबर पोचलं होतं. यांनाच आपल्याकडे कंदीलपुष्प म्हणतात, आणि सह्याद्रीत त्यांच्या कितीतरी जाती आहेत. काही तर जगात दुसरीकडे कुठेच नाहीत.

कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांना फोटो पाठवले. त्यांचा लगेच फोन आला. "फूल सगळेच काढतात गं. पान कुठंय? झाड सरळ उभं होतं की वेल होती?" मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना. इतका वेळ तिथे उभी होते, पण पान पाहिलंच नव्हतं.

दोन आठवड्यांनी पुन्हा गेले. या वेळी आधी झाडच पाहिलं. वेल होती, शेजारच्या कारवीला वेटोळे घालत चढलेली. पानं समोरासमोर. वरून आणि खालून बोट फिरवलं, मऊ लव हाताला लागली. खोडावरही तीच. पान उलटं करून फोटो, देठाचा फोटो, फुलाशेजारी दहाचं नाणं धरून फोटो. एक फूल उजेडाकडे धरलं तर आत चिलटासारखी बारीक माशी फिरत होती. नळीतले केस खाली वळलेले असतात, त्यामुळे आत घसरलेल्या माशीला वर चढता येत नाही. फूल कोमेजू लागलं की केस सुकतात आणि माशी पराग घेऊन सुटते. ते वाचलं होतं, पण डोळ्यांनी पाहताना अंगावर काटा आला.

टपरीवाल्या मावशी मागे येऊन उभ्या राहिल्या. "खरपुडी होय! लहानपणी गुरांमागं गेलो की कंद उकरून खायचो आम्ही. आता दिसत नाही फारशी. उपटू नको हां बाळा."

"नाही मावशी, फोटोच काढतेय."

त्या रात्री सरांचा निरोप आला, सेरोपेजिया विंकीफोलिया. वेटोळे घालणारी वेल आणि पानाखोडावरची लव यांनी निकाल लागला. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना नेमकी जागा मी लपवली, कारण कंदासाठी किंवा कुंडीसाठी कुणी उपटून नेलं तर संपलंच. टिपणात मावशींचा शब्द लिहिला, खरपुडी.

निघताना मावशींनी ओढ्यापलीकडची आणखी एक जागा दाखवली होती. तिथला एकही फोटो मी अजून कुठे टाकलेला नाही.