सिराक्यूजची लॅक्रॉस टीम
कोल्हापुरात तालमीची फुटबॉल टीम म्हणजे घरचंच प्रकरण, म्हणून अमेरिकेतल्या सिराक्यूज युनिव्हर्सिटीची लॅक्रॉस (जाळीच्या काठीनं बॉल झेलायचा-फेकायचा खेळ) टीम मला लई जवळची वाटते. १९१६ ला सुरू झाली, १९३१ पासून रॉय सिमन्स कोच आणि १९७१ पासून १९९८ पर्यंत त्यांचाच पोरगा, एकाच घरानं एवढी वर्षं टीम सांभाळली राव! १९५७ ला एकपण मॅच हरले नाहीत, टीममध्ये जिम ब्राऊन (हो, तोच, पुढं अमेरिकन फुटबॉल गाजवणारा) आणि गोलकीपर ओरेन लायन्स, ओनोंडागा या तिथल्या मूळ रहिवासी समाजातला. मुळात हा खेळच तिथल्या मूळ रहिवाशांचा, ते त्याला देवानं दिलेला खेळ मानतात. २२ नंबरची जर्सी गॅरी गेटनं गाजवली, नंतर पॉवेल घरातल्या तिघा भावांनी घातली.