वाढवलेला पाटा

बेळगावात जुन्या पीबी (पुणे-बंगळूर) रोडला आमचं पाट्यांचं दुकान आहे. पाटे म्हणजे गाडीचं वजन झेलणाऱ्या स्प्रिंगच्या कमानदार पोलादी पट्ट्या. ट्रक, ट्रॅक्टरची ट्रॉली, पिकअप, ज्याची कमान बसली तो आमच्याकडं येतो. बाबांनी सुरू केलेलं, आता मी बघतो. पाटे खोलायचे, कमान मारायची, परत बसवायचे, यात दोन-अडीच तास जातात. तेवढा वेळ गाडीवाला बाकावर चहा पीत गाडीबद्दल बोलत बसतो. शोरूममध्ये माणूस जपून बोलतो, आमच्या बाकावर मोकळा होतो.

गेली दोन वर्षं बाकावर एकाच गाडीचा विषय आहे. तिचं नाव लिहीत नाही. इकडच्या गावागावांत दिसणारी पिकअप, कंपनीनं ती पार बदलून आणली. केबिन नवी, स्टिअरिंग बोटानं फिरतं, सीट मागं-पुढं होते, हौदा फूटभर लांब, आणि मागचे पाटे नऊवरून चार.

माणूस माल काय भरतो, त्यावर त्याचं मत ठरतं. निपाणीचा तंबाखूवाला खूश आहे. बोदं हलकी पण जागा खाणारी, त्यामुळं वाढलेला फूट त्याला सरळ पैसा देतो. खानापूरचा वीटवाला त्याच फुटावर चिडलेला. हमाल पार मागच्या फाळक्यापर्यंत विटा रचत जातात, वजन मागच्या चाकाच्याही मागं पडतं आणि चढाला पुढचं तोंड हलकं होतं. उद्यमबागेतल्या कास्टिंगवाल्याला दोन्हीशी देणंघेणं नाही, त्याला छळतो तो मीटरमधला पिवळा दिवा. 1 एप्रिल 2020 पासून बीएस सहा, म्हणजे गाडीच्या धुराचा नवा नियम, आला आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारी जाळी बसली. ती काजळी जाळायची तर आतली गरमी साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत जावी लागते. हा दिवसभर उद्यमबाग ते मच्छे एवढंच, जवळच्या जवळ फिरतो. गाडी तापायच्या आत बंद होते, काजळी तशीच राहते, दिवा पेटतो. गाडी विकताना त्याला कुणी विचारलं नाही की बाबा, तू रोज किती लांब जातोस. हे विचारायला खर्च कसला येतो, मला कळत नाही.

भाजीवाल्यांचं दुखणं दोराच्या हुकांचं. हूक हौद्याच्या बाहेरून काढून आत घेतलेत. दिसायला चांगलं दिसतं, पण रात्री एक वाजता पावसात ताडपत्रीवर दोर आवळताना माणसाला चाकावर चढावं लागतं. ज्यानं हे काढलं त्यानं ओली ताडपत्री कधी बांधलेली नाही, एवढं मी खात्रीनं सांगतो.

सगळ्यांना आवडलेली गोष्ट एकच, केबिन शांत आहे. आणि सगळ्यांना नावडलेलीही एकच, गाडी मागं बसते. बैलहोंगलचा एक गाडीवाला दरवेळी तेच म्हणतो, "भाळ मेत्तग ऐत्री." म्हणजे फार मऊ आहे. मऊ आहे खरी. जुने नऊ पाटे अंगाला अंग लावून बसायचे, घासायचे, त्यामुळं गाडी ताठ राहायची आणि रिकामी असली की आपटायची. नवे पाटे मध्ये जाड आणि टोकांकडं पातळ होत जातात, एकमेकांना फक्त मध्ये आणि टोकांना टेकतात. चार पाटे नऊंचं काम करतात, आणि रिकाम्या गाडीत पाठ दुखत नाही. पण पूर्ण भरल्यावर गाडी खाली दिसते, आणि आमच्या लोकांना खाली बसलेली गाडी म्हणजे हरलेली गाडी वाटते. म्हणून ते येतात आणि म्हणतात, एक पाटा वाढव.

मे महिन्यात कडोलीचे काका आले ते याचसाठी. गावातून कोबी, ढब्बू मिरची, बिन्स गोळा करायचं आणि रात्री चोर्ला घाटानं म्हापशाला न्यायचं, हे त्यांचं वीसेक वर्षांचं काम. जुनी गाडी अकरा वर्षं आमच्याच हाताखाली होती. नवी घेऊन पाच महिने झालेले, आणि आता ती त्यांचा पोरगा चालवायचा.

"बाळ, गाडी राणीसारखी हाय. पण भरली की बसती बग. लोक हसत्यात."

मी पाटा वाढवला. सत्तर मिलिमीटर रुंदीचा सरळ पाटा, टोकं गोल करून, नवा सेंटर बोल्ट, लांब यू-बोल्ट. काम चोख केलं, हे आजही म्हणतो. मजुरीसकट 3,800 घेतले. गाडी जॅकवर असताना आमच्या हाताखालच्या पोरानं विचारलं होतं, "दादा, ही दांडी कसली ओ?" मागच्या एक्सलच्या हाउसिंगपासून चासीकडं, म्हणजे गाडीच्या सांगाड्याकडं गेलेली, बोटाएवढी दांडी. वरच्या टोकाला चासीवर एक डबी आणि त्यात ब्रेकच्या नळ्या. मी म्हणालो, "असू दे, तिला हात लावू नको." हात न लावणं म्हणजे काळजी घेणं, असं मला त्या वेळी वाटलं.

जुलैत, पावसाची झड लागलेली असताना, पहाटे सव्वाचारला काकांच्या पोराचा फोन आला. घाटात रेंज नाही, दुसऱ्या गाडीतून खाली केरीत जाऊन त्यानं लावला होता. "दादा, ब्रेक गेला."

जांबोटी, कणकुंबी करत मी पोचलो तेव्हा उजाडलं होतं. उतारावर डोंगराच्या बाजूच्या चरात गाडीची डावी चाकं अडकलेली, फाळका उघडा, रस्त्याच्या कडेनं कोबीचे गड्डे पसरलेले. पोरगा दगडावर बसला होता. कपाळाला खरचटलेलं, बाकी काही नाही. दुसऱ्या बाजूला दरी होती, तिकडं मी फार वेळ बघितलं नाही.

त्यानं सांगितलं ते असं. उतार लागल्यापासून ब्रेक जड लागत होता, जास्त दाबावा लागत होता. मग पुढून जळका वास आला. मग एका वळणावर पेडल स्पंजासारखं मऊ होऊन खालपर्यंत गेलं. त्यानं हँडब्रेक ओढला, गिअर पाडला आणि गाडी डोंगराकडं घातली. हँडब्रेक तारेवर चालतो, त्याला तेल लागत नाही, तोच शेवटी कामाला आला. विशी-बाविशीच्या पोरानं तेवढ्या क्षणात हे केलं, त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं.

मी विचारलं, "उताराला गिअर कुठला होता?"

"चौथा."

"चौथा?"

"कळलंच न्हाय दादा. आवाजच येत न्हाय आत."

काकांनी त्याला गाडी शिकवली ती जुन्या गाडीवर, कानानं. इंजिन ओरडलं की समजायचं, वेग वाढला. नव्या गाडीत ते ओरडणं आतपर्यंत येत नाही.

गाडी ओढून दुकानात आणली आणि त्या दिवशी दुसरं काम घेतलं नाही. पुढची चाकं काढली. डिस्क निळी पडलेली, पॅडचा कोळसा. इतकी गरमी झाली की कॅलिपरमधलं तेल उकळतं, आणि उकळलेल्या तेलात वाफ होते. वाफ दाबली जाते, म्हणून पाय खाली जातो आणि ब्रेक लागत नाही. डॉट तीनचं ब्रेक तेल नवं असताना 205 अंशांपर्यंत टिकायला पाहिजे, पाणी शोषलेलं असेल तर 140 पर्यंतच. इथवर मला नवीन काही नव्हतं. मग मागचे ड्रम काढले. आत घासणारे लायनर जसेच्या तसे. ड्रमच्या आतल्या अंगावर जळल्याचा एक डाग नाही. घाट उतरताना सगळी गाडी पुढच्या दोन चाकांनी धरली होती. मागची दोन नुसती फिरत आली म्हटलं तरी चालेल.

तेव्हा मी त्या दांडीखाली आडवा झालो.

उद्यमबागेत ब्रेकचं काम करणारा एक मित्र आहे, त्याला प्रेशर मोजायचे दोन मीटर घेऊन बोलावलं. एक पुढं लावला, एक मागच्या ब्लीडर निपलला. हाताखालच्या पोराला पेडल दाबून धरायला सांगितलं. पुढं 80 बार, मागं काटा 30 च्या आसपास येऊन थांबला. मग मित्रानं दांडीचं टोक सोडवून हातानं वर उचललं, गाडी भरल्यावर जिथं यायला पाहिजे तिथं. मागचा काटा चढत सत्तरीपार गेला. त्यानं दांडी खाली सोडली, परत तीस. असं आम्ही पाच-सहा वेळा केलं. एकदा बघून पटलं होतं, तरी करत राहिलो.

ती डबी म्हणजे वजन बघून मागच्या ब्रेकला किती तेल सोडायचं हे ठरवणारा व्हॉल्व्ह. त्याला वजन कळतं ते हौदा किती खाली बसला त्यावरून. रिकामी गाडी उंच असते, तेव्हा तो मागचा ब्रेक कमी करतो, म्हणजे ओल्या रस्त्यावर मागची चाकं जाम होऊन शेपूट फिरू नये. गाडी भरून खाली बसली की दांडी वर ढकलली जाते आणि ब्रेक पूर्ण मिळतो. मी पाटा वाढवून गाडीला बसूच दिलं नाही. हौद्यात वजनकाट्याच्या पावतीप्रमाणं 2,140 किलो माल होता, आणि व्हॉल्व्ह समजत होता की गाडी रिकामी आहे.

काकाच पाटा वाढवायला आले तेव्हा म्हणाले होते, "ब्रेक मातर एक नंबर, रिकामी असू दे न्हाय तर भरलेली, सरळ थांबती." ते ज्या ब्रेकचं कौतुक करत होते आणि जे बसणं काढून टाका म्हणत होते, ती एकाच दांडीची दोन टोकं होती. मला ते त्या दिवशी दिसायला पाहिजे होतं. समोर होतं, हाताखालच्या पोरानं बोट ठेवून दाखवलं होतं.

बाबांना संध्याकाळी सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या टायमाला असली दांडी वाकली की आम्ही तारेनं वर बांधून टाकायचो." मी म्हटलं, मग रिकाम्या गाडीला मागं पूर्ण ब्रेक, पावसात चाकं जाम होणार. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पलटी व्हायच्या काही. आम्ही डायवरला नावं ठेवायचो."

माल जास्त होता, हे खरं आहे. कागदावर गाडी 1,500 किलो मालाची. कायद्यानं जादा मालाला 20,000 रुपये दंड आणि वर टनाला 2,000. ते काकांनाही माहीत होतं. पोरगा चौथ्या गिअरमध्ये होता, हेही खरं. गाडी देताना शोरूमनं दांडीबद्दल चकार शब्द काढला नाही. गाडीबरोबरच्या पुस्तकात मी नंतर शोधलं, इंग्रजीत दीड ओळ सापडली. पाट्यांना हात लावणारे आमच्यासारखेच, आणि आम्हाला हे सांगायला कुणी येत नाही. हे सगळं मी रोज डोक्यात मांडतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडं देतो. तरी माझ्या वाट्याचं कमी होत नाही. जादा मालानं ही गाडी पाच महिने घाट उतरली होती, तोवर काही झालं नव्हतं. पाटा मी घातला.

काका आले तेव्हा मी मीटर लावूनच ठेवले होते. त्यांना गाडीखाली वाकायला लावलं, दांडी वर-खाली करून काटा दाखवला. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "मग आता काढतोस न्हवं तो?"

पाटा काढला. पुढचे डिस्क, पॅड, तेल बदललं, दांडी तिच्या मूळ मापावर आहे की नाही हे दुसऱ्या नव्या गाडीशी ताडून बघितलं. 3,800 परत दिले. त्यांनी घेतले, नोटा मोजल्या आणि बंडीच्या खिशात घातल्या, आणि मला त्यात बरं वाटलं. आता माल जास्त निघाला की ते दुसऱ्याची गाडी भाड्यानं जोडतात. त्यात त्यांचं नुकसान आहे. भाजीचा दर पडला की ते मला ऐकवतातही.

आता पाटा वाढवायला आलेल्या प्रत्येक गाडीवाल्याला मी आधी गाडीखाली नेतो. दहातले सहा-सात परत जातात. बैलहोंगलचा तो गाडीवाला गेला आणि पुढच्या चौकातल्या दुकानातून तासाभरात पाटा घालून आला, जाताना हॉर्न वाजवून गेला.

गेल्या आठवड्यात कंपनीनं नेमलेला एक मुलगा टॅब घेऊन दुकानात आला. नव्या गाडीत मालकांना काय आवडलं, काय नाही, याची पाहणी. मुलगा चांगला होता, नम्र. काका बाकावरच होते, हबचं ग्रीस बदलायला आलेले. त्यानं एकेक विचारलं. केबिन? चांगली. आवाज? काका थोडं थांबले, मग म्हणाले, "लई कमी." त्यानं "चांगला"वर बोट ठेवलं. ब्रेक? "चांगला हाय." मागचं सस्पेन्शन?

"मऊ हाय," काका म्हणाले. "बसती गाडी. लिही, वाईट."

मी मध्ये बोललो. दांडीचं सांगितलं, मीटर आणून दाखवू का म्हणालो. त्यानं नीट ऐकलं, पडदा वर-खाली सरकवून बघितला.

"सर, ब्रेक आणि सस्पेन्शन वेगवेगळ्या पानांवर आहेत," तो म्हणाला. "दोन्हींचं मिळून लिहायला जागा नाही."

काकांनी त्याला आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून दिला.