पाच दिवसांत किलीमांजारो?

"दूधसागर चढताना दम लागत नाही आपल्याला, किलीमांजारो पाच दिवसांत उरकू रे!" मडगावात चहाच्या गाड्यावर एक पोरगा मित्राला सांगत होता. ते 'पाच दिवस' डोक्यातून जाईना.

अहो, प्रश्न दमाचा नाहीच. किलीमांजारो म्हणजे आफ्रिकेतला सर्वांत उंच डोंगर; त्याच्या मारांगू वाटेवरचे मुक्काम 2720, 3720 आणि 4720 मीटरवर. म्हणजे रोज हजार मीटर वर! तीन हजारांपुढे झोपायची उंची दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा नियम आहे. गोव्यातलं सर्वांत उंच शिखर बाराशे मीटरचंही नाही. इथे कितीही चढा, विरळ हवेची सवय होत नाही.

जोडीदार खरा कामाला येतो तो अशा उंचीवर. डोकं दुखतंय, मळमळतंय? विरळ हवा बाधली असं समजा, वर जाणं बंद. गडी 'मी ठीक आहे' म्हणतोय? त्याला एका पायाच्या बोटांना दुसऱ्याची टाच टेकवत सरळ रेषेत चालायला लावा. तोल गेला तर मेंदूला सूज आली असं समजा आणि लगेच खाली उतरवा, मध्यरात्र असली तरी. एकट्याला मात्र पाठवू नका.

होरोंबोला, म्हणजे 3720 मीटरवरच्या मुक्कामी, हवेची सवय व्हायला एक रात्र जास्त काढली की खर्च वाढतो, कबूल. पण विमानाच्या तिकिटापुढे तो असा कितीसा?