ब्रेकचा आवाज आणि आतला पॅड

गोव्याच्या पावसाळ्यात गाडी दोन दिवस अंगणात उभी राहिली, की तिसऱ्या दिवशी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर ऐकू येते. चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या डिस्कवर चढलेला गंजाचा पातळ थर, तिला आतून-बाहेरून दाबणारे ब्रेकचे पॅड खरवडून काढत असतात, आणि हा आवाज मुख्य रस्त्याला लागेपर्यंत थांबतो. तो थांबला नाही, तर मात्र कारण गंज नव्हे, हे मी उशिरा शिकलो.

गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीत वेगळाच आवाज सुरू झाला होता. गाडी हळू चालत असताना डावीकडून बारीक 'कुईं' असा आवाज येई आणि ब्रेक दाबताच तो बंद होई. बऱ्याच गाड्यांच्या पॅडला पत्र्याची छोटी पट्टी असते. पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटर उरला, की ती डिस्कला टेकून असा इशारा देते. गॅरेजमध्ये मात्र चाक न काढता, रिमच्या फटीतून बॅटरी मारून पाहिले गेले आणि पॅड अर्धा शिल्लक असल्याचे सांगण्यात आले. ते खोटे नव्हते, पण त्या फटीतून फक्त बाहेरचा पॅड दिसतो.

पुढच्याच आठवड्यात बेळगावहून येताना चोर्ला घाटाच्या उतारावर 'कुईं'ची जागा लोखंडावर लोखंड घासल्याच्या करकरीने घेतली. दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक कमीत कमी वापरत मी पायथ्याकडच्या साखळी गावापर्यंत उतरलो, तेव्हा डाव्या चाकाजवळ हात नेववत नव्हता. दुसऱ्या मेकॅनिकने चाक काढले. बाहेरचा पॅड खरोखरच अर्धा होता. आतल्या पॅडची मागची लोखंडी पट्टी तेवढी उरली होती आणि डिस्कवर नख अडकेल इतक्या खोल रेषा पडल्या होत्या. पॅड धरून ठेवणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, त्यांतल्या एकीचे रबर फाटून आत पाणी आणि तांबडा चिखल गेला होता. पिन जाम झाल्यामुळे पिस्टन आतलाच पॅड दाबत राहिला. नुसते पॅड बदलले असते, तर काही महिन्यांनी हेच पुन्हा झाले असते.

आवाज कोणत्या बाजूचा, हे ओळखायला मला चिऱ्यांच्या कुंपणाचा फार उपयोग झाला. काचा खाली करून, एकदा डावीकडे आणि परत येताना उजवीकडे कुंपण ठेवून सावकाश गाडी चालवली, की भिंतीवरून परतणारा आवाज स्पष्ट ऐकू येतो. ब्रेक दाबो न दाबो, सारखा किरकिरणारा आवाज अनेकदा डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांत अडकलेल्या खड्याचा असतो आणि गाडी थोडी मागे घेतल्यावर कधीकधी खडा पडून जातो. आवाजाबरोबर पेडल पायाखाली थरथरत असेल, तर डिस्कची जाडी असमान झाल्याचा संशय घ्यावा. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर होणारी एबीएसची, म्हणजे चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, घरघर मात्र दोष नव्हे.

पुढच्या दोन्ही डिस्क आणि चारही पॅड बदलावे लागले. आता प्रत्येक सर्व्हिसिंगला मी चाक काढायला लावतो, आतला पॅड स्वतः पाहतो आणि पिन बोटाने सरकते की नाही, याची खात्री झाल्यावरच चाक परत बसवू देतो.