वकील वेशीवर उभा आहे

लेखनकलेचा शोध लागला की 1991 साली आलेल्या ‘सिव्हिलायझेशन’ या राज्य वसवण्याच्या संगणकीय खेळात दोन गोष्टी हाती येतात, एक ग्रंथालय आणि दुसरा डिप्लोमॅट, म्हणजे परराज्यात धाडायचा दूत. ग्रंथालय मी लगेच बांधत असे. डिप्लोमॅटकडे मात्र कितीतरी डाव मी ढुंकूनही पाहिले नाही, कारण त्याला 30 शिल्ड, म्हणजे नगराच्या उत्पादनाची तेवढी एकके, लागतात, लढता त्याला जवळजवळ येत नाही, आणि शेजाऱ्याच्या नगरात एकदा वकिलात स्थापन केली की तो नकाशावरून नाहीसाच होतो. एवढ्या खर्चात तटामागे बसवायला एखादा सैनिक मिळतो, असा माझा साधा हिशेब होता.

‘दूतावास’ हा शब्द अधिक प्रचारात असला तरी या संदर्भात मला ‘वकिलात’ हाच शब्द आवडतो. वकील म्हणजे दुसऱ्याच्या वतीने बोलणारा. गंमत अशी की खेळातला हा वकील एक शब्दही बोलत नाही, तो फक्त पाहतो. त्याने जागा धरली की शेजाऱ्याची राज्यपद्धती कोणती, खजिन्यात किती सोने आहे, कोणकोणत्या विद्या त्याला अवगत आहेत आणि कोणाशी त्याचे वैर आहे, हे सारे एका पानावर उलगडते. राजनैतिक संबंधांविषयीच्या 1961 च्या व्हिएन्ना करारातही, तिसऱ्या कलमात, यजमान देशातील परिस्थितीची सर्व कायदेशीर मार्गांनी माहिती मिळवून ती स्वदेशी कळवणे हे वकिलातीचे काम म्हणून स्पष्ट सांगितलेले आहे, आणि मैत्रीचे संबंध वाढवण्याचा उल्लेख त्या यादीत त्यानंतर, अगदी शेवटी येतो. हा क्रम कोणी मुद्दाम लावला असेल असे मला वाटत नाही, पण खेळ खेळणाऱ्याला तो फार ओळखीचा वाटतो.

‘कायदेशीर मार्गांनी’ ही अट मात्र खेळाला मान्य नाही. डिप्लोमॅट परक्या नगरात शिरला की पडद्यावर एक यादी उघडते, आणि तीत वकिलात स्थापन करण्याच्या शेजारीच विद्या चोरणे, उत्पादनात घातपात करणे आणि सोने चारून नगरात बंड घडवून आणणे हेही पर्याय तितक्याच निर्विकारपणे मांडलेले असतात. शिष्टाईला आलेला आणि सुरुंग लावायला आलेला माणूस एकच, त्याचा पोशाखही एकच, आणि तो यांपैकी कोण आहे हे वेशीवर पोहोचल्यावर ठरते. वास्तवातल्या राजदूतांविषयीचे सनातन संशय इतक्या थोड्या जागेत बसवणाऱ्याचे मला कौतुक वाटते.

माझे डोळे उघडले ते ‘फ्रीसिव्ह’ खेळताना. डेन्मार्कमधल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला आणि 1996 पासून सर्वांना मोफत उपलब्ध असलेला हा खेळ तहाच्या बाबतीत फार काटेकोर आहे. त्यात युद्धविराम 16 फेऱ्या टिकतो, आणि तेवढ्या अवधीत दोन्ही पक्षांनी पुढचा तह केला नाही तर युद्ध आपोआप पुन्हा सुरू होते. तह केला तरी लगेच शांतता नांदत नाही, मध्ये आणखी 16 फेऱ्यांचा संधिकाळ असतो आणि मग कुठे एकमेकांच्या हद्दीतून फौजा हलतात. एका डावात मी बलाढ्य शेजाऱ्याकडून युद्धविराम पदरात पाडून घेतला आणि वकिलातींची देवाणघेवाणही उरकली. त्यानंतर त्याची विद्यांची यादी रोज रस घेऊन वाचू लागलो. त्याच्याकडे नौकानयनातले काय आहे, तोफखान्याच्या तो किती जवळ आला आहे, खजिना का वाढतो आहे, हे सगळे मला तोंडपाठ होते. फक्त फेऱ्या मोजायच्या राहिल्या. मुदत संपत आल्याची सूचना पडद्यावर आली असणारच, पण दुसऱ्याच्या घरातली भांडी मोजण्यात गुंग असलेल्या मला आपल्याच दाराची कडी निघाल्याचे कळले नाही. सतराव्या फेरीनंतर किनाऱ्यावर त्याची गलबते आली, आणि ती बांधण्याची विद्या त्याला कधी मिळाली हे मी नेमके सांगू शकत होतो.

त्या पराभवानंतर वकिलातीच्या दुसऱ्या बाजूचाही मी विचार करू लागलो. ‘सिव्हिलायझेशन’च्या पाचव्या भागात वकिलात दिली की समोरच्याला आपली राजधानी कुठे आहे ते दिसते. खुल्या सीमांचा करार वकिलातीवाचून होत नाही, तेव्हा मैत्रीच्या पहिल्या पायरीवरच आपले सर्वांत नाजूक ठिकाण दाखवून द्यावे लागते. ‘स्वीकार’ची कळ दाबताना माझा हात तिथे अजूनही थबकतो. सहाव्या भागात 25 सोन्याच्या नाण्यांत शिष्टमंडळ धाडता येते आणि पुढे 50 नाण्यांत वकिलात. तो व्यवहार स्वस्त आहे, पण तिथल्या राजांच्या आवडीनिवडी सांभाळताना जीव मेटाकुटीस येतो. क्लिओपात्राला बलवान सैन्य असलेलीच राज्ये आवडतात, त्यामुळे शांतताप्रिय खेळाडूने तिच्याशी शांतता टिकवायची तर आधी फौज वाढवावी लागते. चौथ्या भागात तर राजाच्या नावावर माउसचा बाण नेला की त्याच्या मनातली जमाखर्चाची वहीच उघडते: इतकी वर्षे शांतता राखली म्हणून अधिक, सीमा खेटून आहेत म्हणून उणे, युद्धात मदत नाकारली म्हणून आणखी उणे. माणसांच्या बाबतीत अशी वही उघडता येत नाही याचे मला पूर्वी दुःख वाटे. आता वाटत नाही, कारण स्वतःच्या नावासमोरचे उणे आकडे वाचून मी एकदा एका संगणकीय राजाला, काहीही गरज नसताना, एक विद्या फुकट देऊन टाकली होती.

सध्याचा डाव जुन्या, पहिल्याच खेळाचा आहे. शेजारचे राज्य थकलेले आहे, आणि हे मला वकिलातीमुळेच ठाऊक आहे: तिजोरीत सोने थोडे, दोन आघाड्यांवर युद्ध, आणि राजधानीपासून दूर, माझ्या सीमेलगत, एक लहानसे नगर. तिथे बंड घडवायला पुरेल एवढे सोने माझ्याकडे आहे. वकिलात नसती तर मी या राज्याला भ्यालो असतो आणि त्याला बिनघोर जगू दिले असते. माझा दुसरा डिप्लोमॅट काल रात्री त्या वेशीवर पोहोचला. यादी उघडली. तीत ‘राजाची भेट घ्या’ असाही एक पर्याय आहे, जो मी आजवर कधी निवडला नव्हता. मी खेळ तसाच ठेवून उठलो. पडद्यावर ती यादी अजून उघडीच आहे, आणि माझी चाल होईपर्यंत त्या राज्यातला एकही शिपाई जागचा हलणार नाही.